सात खाचांचा खुरीस

खारबंदरच्या वाऱ्याला अक्षरं खायची सवय होती. देवळामागच्या कबरस्तानात लाकडी खुरीस, म्हणजे क्रूस, उभे असत, पांढऱ्या चुन्यावर डांबरानं नावं लिहिलेले. दिवाळीनंतर लिहिलेलं नाव फाल्गुनात पुसट होई आणि वैशाखात नुसतं लाकूड उरे. आधी अनुस्वार जाई, मग काना, मग वेलांटी. शेवटी एखादंच अक्षर राही, आणि तेही ज्याला आधीपासून ठाऊक असेल त्यालाच दिसे.

देऊळ जुनं. इथले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणत. मीठ पिकवणारी, होड्या हाकणारी ही माणसं फिरंग्यांच्या काळापासूनची. फिरंग्यांनी बांधलेल्या पहिल्या देवळाचं छप्पर लढाईत गेलं, भिंती शंभर वर्षं उघड्यावर राहिल्या आणि त्यांत पिंपळ उगवले. मग मिठागरवाल्यांनीच एका फुटक्या गलबताच्या तुळया ओढून आणल्या आणि त्यावर कौलं चढवली. त्यामुळं देवळात बसून मान वर केली की पालथी घातलेली होडी दिसे. आतल्या जमिनीत फिरंगी नावांचे दगड होते. त्यांना वाऱ्यानं काही केलं नव्हतं, पण ते वाचणारंच गावात कुणी उरलं नव्हतं.

पास्कूचा बाप सावेर या देवळाचा चाकर. घंटा वाजवायची, मेणबत्त्या लावायच्या, खड्डे खणायचे. पास्कू ईस्टरला जन्मली म्हणून पास्कोल. आई लवकर गेली, तेव्हा पोर बापाच्या पाठोपाठ कबरस्तानातच वाढली.

सावेरला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्याची स्वतःची एक रीत होती. लाकूड पावसात कुजू नये म्हणून ज्येष्ठ लागला की तो सगळे खुरीस उपटून घंटेच्या खोलीत रचून ठेवी आणि प्रत्येकाच्या जागी बांबूची खुंटी ठोकी. भिंतीकडून मोजत पहिल्या खुंटीला एक खाच, दुसरीला दोन, तिसरीला तीन. जितक्या खाचा खुंटीला तितक्याच त्या खुरिसाच्या बुडाला, मातीत जाणाऱ्या भागावर. चार महिन्यांनी गवत कमरेइतकं झालेलं असे, मातीचे उंचवटे बसलेले असत, पण खुंट्या जागेवर असत. दोन नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या दिवशी, पाद्रीबाबा पाणी शिंपडायला येत, त्याच्या आदल्या दिवशी खुरीस रंगून आपापल्या माणसापाशी उभे राहत.

“मेलेली मानसं भांडत नाय गो,” सावेर म्हणे, “पन त्यांच्या बायका भांडतात! आजवर एकाचं हाड दुसऱ्यात जाऊ दिलं नाय मी.”

हाडांची गोष्ट खरीच होती. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला मिठागरं. कबरस्तान वाढायला जागाच नव्हती. म्हणून ज्या कबरीवर पाच वर्षं कुणी दिवा लावत नसे ती उघडायची, हाडं पांढऱ्या कापडात घ्यायची आणि कोपऱ्यातल्या कोरड्या विहिरीत सोडायची, अशी चाल होती. याला ‘उचलणं’ म्हणत. कापड धरायचा मान घरच्या बाईचा. दिवा लागत असला तर मात्र कबरीला कुणी हात लावत नसे.

चोवीस सालच्या उन्हाळ्यात देवीची साथ आली. शेजारची कुस्तानबाय, तिचा नवरा पेद्रू आणि मुलगा इनास, तिघंही अंथरुणावर पडले. पेद्रू गेला. त्यानंतर दोन वर्षांचा होऊ घातलेला इनास गेला. चारच दिवसांनी पलीकडच्या आळीतल्या दुमिंगचा मुलगा गेला. त्याचंही नाव इनासच. दोन्ही पोरं सांत इनासच्या सणाच्या आठवड्यात जन्मली होती, म्हणून पाद्रीबाबांनी दोघांना तेच नाव दिलं होतं. पोरांच्या ओळीत सातवी जागा पेद्रूच्या इनासची झाली, आठवी दुमिंगच्या इनासची. मोठ्यांच्या जागा वेगळ्या, पोरांची ओळ समुद्राच्या भिंतीशी.

कुस्तानच्या पापण्या फोडांनी मिटल्या होत्या. मूल कुठं पुरलं ते तिनं पाहिलंच नाही. उठून बसेपर्यंत पाऊस लागला होता आणि भाऊ तिला खाडीपलीकडं रेवसला घेऊन गेला. दुमिंगनंही तोवर घर मोडलं. मुंबईला गोदीत काम लागलं आणि भादव्यात तो बायकोसकट निघून गेला.

त्या वर्षी सावेरचा गुडघा सुजला होता. पास्कू बारा वर्षांची, देवळाच्या शाळेत चौथीत, आणि अख्ख्या आळीत लिहिता येणारी एकटी पोर. ऑक्टोबर सरताना बापानं तिला सांगितलं, “औंदा खुरीस तूच लाव.”

तिला केवढा आनंद झाला! घंटेच्या खोलीतून खुरीस ओसरीवर आणून तिनं कालवाच्या शिंपल्यानं खरवडले, चुना दिला, शिंदीची काडी चावून तिचा कुंचला केला आणि डांबरात बुडवून नावं लिहिली. जागा चुकू नयेत म्हणून पाटीवर यादीही केली: सहावी मारी, सातवा इनास, आठवा इनास, नववा रुजार. खाचा मोजायची तिला गरज वाटेना. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनी खाचा मोजाव्यात!

खुरीस वाळत होते तेवढ्यात आळीतून ताशे वाजले. लग्नाच्या घरची माणसं न्हाणासाठी उंबराचं पाणी घेऊन निघाली होती. पास्कू पळाली. परत आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरायला लागलं होतं. घाईघाईनं एकेक खुंटी उपटायची, टोपलीत टाकायची आणि त्या भोकात खुरीस ठोकायचा असं तिनं सुरू केलं. सातव्या जागेशी येऊन यादी बघितली: इनास. हातातला खुरीस बघितला: इनास. ठोकला. आठवा: इनास. ठोकला. खाली बारीक अक्षरांत ‘पेद्रूचा’ आणि ‘दुमिंगचा’ असं तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, पण तिनं वाचली फक्त वरची ओळ. जिला वाचता येत नव्हतं अशी कुठलीही बाई त्या दिवशी चुकली नसती.

सावेर लंगडत दाराशी आला. “खाचा बघितल्यास ना गो?”

“व्हय,” पास्कू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कुस्तान रेवसहून परत आली. तोंडावर वण, अंगावर लुगडं राहत नव्हतं इतकी वाळलेली. तिनं पास्कूला विचारलं, “माझा कुठला गो?” पास्कूनं अभिमानानं तिचा हात धरला आणि अक्षरांवर बोट ठेवून वाचून दाखवलं: इनास, पेद्रूचा. आठव्या जागेवर. कुस्ताननं गुडघे टेकले आणि मातीवर तळवा ठेवला, निजलेल्या मुलाच्या पोटावर ठेवावा तसा.

चूक कळली ती पुढच्या ज्येष्ठात. आठव्या जागेवरून उपटलेल्या खुरिसाच्या बुडाला सात खाचा निघाल्या. पास्कूनं तीनदा मोजल्या. सातव्या जागेवरून निघालेल्याला आठ.

तोवर कुस्ताननं आठव्या कबरीभोवती शिंपले रोवले होते, उशाला सदाफुली लावली होती. दर शनिवारी ती दिवा घेऊन येई आणि मिठागरातल्या गोष्टी त्या मातीला सांगत बसे. आता काय करायचं? बापाला सांगावं तर त्याचा एवढा मोठा शब्द खोटा ठरणार. कुस्तानमावशीला सांगावं तर तिचं तोंड कसं होईल ते मनातसुद्धा आणवेना. पास्कूनं कोयता घेतला. साताच्या आठ खाचा करणं सोपं होतं, एक नवी पाडली की झालं. आठाच्या सात करायला मात्र लाकडाचं टोकच कापावं लागलं. तेव्हापासून दुमिंगच्या इनासचा खुरीस ओळीत सगळ्यांत बुटका दिसू लागला.

“हा का गो एवढासा?” सावेरनं एकदा विचारलं.

“वाळवी लागली होती बाबा.”

एकोणतीस साल उजाडलं. दुमिंगकडून पाच वर्षांत कुणी फिरकलं नव्हतं, आणि ओळीत जागा हवी होती. सावेर पाद्रीबाबांना विचारून आला आणि बुटक्या खुरिसाची कबर उघडायची ठरली. पास्कू सतरा वर्षांची होती. महिन्याभरात तिचं लग्न होतं, रेवसच्या बोटीवरच्या आंतोनशी.

कापड धरायला घरची बाई नव्हती. कुस्तान आपण होऊन पुढं झाली. “माझ्या पोराच्या नावाचा हाय. मी धरते.”

सावेर खड्ड्यात उतरला. पास्कू भिंतीला टेकून उभी होती. तिला ठाऊक होतं. त्या सगळ्या माणसांत तिला एकटीला ठाऊक होतं. तोंड उघडायला तिला अवकाशही भरपूर मिळाला, कारण गुडघ्यामुळं सावेर हळूहळू खणत होता. ती मनात म्हणाली, आता बोलते. मग म्हणाली, बाबा वर आले की बोलते. मग हाडं निघाली, चिमुकली, पक्ष्याच्या हाडांसारखी, आणि कुस्ताननं कापडाचा झोळ पुढं केला. ती तोंड वळवून समुद्राकडं बघत होती. सावेरनं कापडात जे ठेवलं ते तिनं विहिरीपर्यंत नेलं आणि सोडलं. मग हात झटकून, जाताजाता, आठव्या कबरीवरचं वाळलेलं पान उचललं.

“चल गो नवरी,” तिनं पास्कूच्या पाठीत थाप मारली, “मेल्यांचं झालं, आता तुझी हळद दळायला घेऊ.”

पास्कू गेली तिच्याबरोबर. हळद दळलीसुद्धा.

दोन वर्षांनी सावेर गेला. मरताना त्याला एकाच गोष्टीचं समाधान होतं, आणि ती गोष्ट खरी नव्हती.

मग चौतीस साल. गलबताच्या तुळयांवर छप्पर चढलं त्याला शंभर वर्षं झाली म्हणून नव्या पाद्रीबाबांनी मोठा सण मांडला. हे पाद्रीबाबा वसईकडचे, हौशी माणूस. देवळाचा इतिहास लिहायला घेतला त्यांनी. पहिलं देऊळ कधी, छप्पर कधी, घंटा कुठल्या बुडालेल्या जहाजाची. आणि कबरस्तानाचा नकाशा. लाकडाचे खुरीस आता पुरे, म्हणाले, ज्यांची कबर राखायची आहे त्यांनी दगड लावावेत. सावेरची मुलगी सगळ्या ओळी जाणते आणि तिचं अक्षर मोत्यासारखं, तेव्हा नकाशा तिनंच करावा आणि दगडांवरची नावंही तिनंच खडूनं आखून द्यावीत. पाथरवट भागोजीला वाचता येत नव्हतं, पण आखलेल्या रेघेवरून त्याची छिन्नी केसभर हलत नसे.

पास्कूला तेव्हा चार महिन्यांची मुलगी होती, रोझू. मूल निजलं की कागद पुढ्यात ओढायचा आणि उठलं की सारायचा, असं तिचं काम चालायचं. रोज सकाळी कुस्तान बाळाला तेल लावायला यायची. बाळंतपणही तिनंच केलं होतं, पास्कूला आई नव्हती म्हणून. पाय लांब करून ती बाळाला पोटऱ्यांवर घ्यायची आणि खोबरेल चोळताना बडबडायची.

“बघा बघा, पाय कशे झाडते! बापासारखी खलाशीच होनार ही. काय गो भवाने, रेवसची बोट चालवशील? मग मला फुकट नेशील ना मुंबईला?”

रोझू खुदकन हसे. पास्कू आत बसून ओळी आखत असे. पाद्रींची ओळ झाली, मोठ्यांच्या ओळी झाल्या. पोरांच्या ओळीत सहाव्या घरापर्यंत येऊन लेखणी थांबली आणि आठ दिवस तिथंच राहिली.

तशात एके दिवशी कुस्ताननं तिचा मसाल्याचा पाटा डोक्यावरून देवळात आणून टाकला. काळाभोर, मधोमध झिजून खोल झालेला. पेद्रूनं लग्नाच्या वर्षी उरणहून होडीत घालून आणलेला.

“याच्या पाठीवर नाव घाल माझ्या इनासचं,” ती भागोजीला म्हणाली. “दगडच लागतो ना? ह्यो माझा दगड.”

“अगं, मग मसाला कशावर वाटशील कुस्तानबाय?”

“तुझ्या डोस्क्यावर! ते बी दगडच हाय.”

भागोजी खो-खो हसला. दुसऱ्या दिवशी पास्कू मुलीला कुस्तानच्या पायांवर देऊन देवळात गेली. ओसरीत पाटा पालथा ठेवलेला होता, ती जिथं खुरीस रंगवायची अगदी तिथंच. तिनं खडूनं वरची ओळ आखली. इनास. भागोजी कोरायला बसला. छिन्नी टिकटिकत राहिली, काळ्या दगडातून पांढरी रेघ उमटत गेली, आणि हे वाऱ्याला खाता येणार नाही हे पास्कूला स्वच्छ दिसलं. लाकडावर केलेली लबाडी दर वर्षी आपोआप पुसली जायची, आणि ती दर वर्षी नव्यानं करायची. ही तशी राहणार नव्हती. ही रोझूच्या नातवंडांना वाचता येणार होती.

“ही झाली,” भागोजी फुंकर मारत म्हणाला. “खाली काय? पेद्रूचा ना?”

पास्कूनं खडू टेकवला. ‘प’ची उभी रेघ काढली. मग ती पदरानं पुसली.

“भागोजीदादा, न्याहारी करून या तुम्ही. मी येते.”

ती घरी आली. अंगणात ऊन कोवळं होतं. कुस्तान अजून रोझूच्या पाठीला तेल चोळत होती.

“मावशी, तो दगड आठव्या जागेवर लावायचा नाय.”

“मग काय तुझ्या दारात लावू?”

“मावशी. तिथं निजलाय तो इनास तुझा नाय. दुमिंगचा हाय. मी खुरीस लावताना चुकले. पयल्याच वर्षी.”

कुस्तानचे हात चालतच राहिले. एकदा, दोनदा, मणक्यावरून खाली. मग थांबले. तिनं ते बाळावरून उचलले आणि लुगड्याला न पुसता तसेच हवेत धरले. तेल कोपरापर्यंत ओघळलं.

“माझा कुठं हाय?”

पास्कूनं विहिरीच्या दिशेनं बघितलं.

रोझू कुस्तानच्या पायांवर पालथी पडून तिच्या पायातल्या चांदीच्या वाळ्याला बोट लावत होती.

“बुटका खुरीस,” कुस्तान शेवटी म्हणाली. “कापड मीच धरलं होतं.”

“व्हय.”

“म्हंजे मी त्याला घेतलं होतं गो. या हातांनी. अन् तोंड फिरवून उभी राहिले. परक्याचं पोर, कशाला बघा, म्हनून.” तिनं स्वतःच्या तळहातांकडं बघितलं. “केवढा होता? तू बघितलास?”

“बघितला.”

“केवढा होता?”

पास्कूनं दोन हातांमध्ये अंतर धरून दाखवलं. कुस्ताननं ते अंतर डोळ्यांनी मोजलं.

“तुला तवा ठावं होतं?”

पास्कूनं होकारार्थी मान हलवली. या प्रश्नाला ती पाच वर्षं भीत आली होती, आणि तो विचारला गेला तेव्हा तिला हलकंबिलकं काही वाटलं नाही.

“बारा वर्षांची पोर चुकते,” कुस्तान म्हणाली. “सतरा वर्षांची?”

तिनं बाळाला उचलून पास्कूच्या हातात दिलं, नीट, मानेखाली हात धरून. आणि गेली.

दुसऱ्या दिवशी तेलाची वेळ झाली तशी रोझू दाराकडं बघून रडायला लागली. पास्कूनं स्वतः तेल लावलं, पण तिच्या हातांत ती रीत नव्हती आणि पोरीला ते कळत होतं. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी कुस्तान आली. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

“आत ये ना मावशी.”

“सांगायला आलेय. एक, गावात बोलायचं नाय. लोक मला बिचारी म्हनतील, ते मला नको. दोन, तो दगड तसाच लाव, आठव्यावर. खाली काय लिहू नको. इनास त्याचं बी नावच हाय. इतकी वर्षं मी त्याच्याशी बोलतेय, त्याला माझी सवय झालीय. त्याची आय तिकडं मुंबईत, तिला काय ठावं.”

“आणि तिसरं?”

“मला दगड नको. मेले की लाकूड लाव. माझ्यावर दिवा लावायचा नाय. कुनी लावला तर तू विझव. पाच नको, तीन वर्षांत मला उचल.” तिनं विहिरीकडं हात केला. “तिथं घाल. सगळ्यांची हाडं एकात एक झालेली, माझा इनास मी शोधीन. पन कापड तू धरायचंस. दुसऱ्या कुनी नाय.”

“मावशी, मला माफ—”

“तेवढं मागू नको,” कुस्तान म्हणाली, आवाज न चढवता. “ते माझ्यापाशी नाय.”

पास्कू पाद्रीबाबांकडं गेली आणि सगळं सांगितलं. ते शंभर वर्षांच्या सणानिमित्त विहिरीवर पक्की फरशी बसवून टाकणार होते. ते ऐकून घेतल्यावर त्यांनी फरशीला झाकण ठेवायचं कबूल केलं. नकाशावर तिनं सातव्या घरात लिहिलं: ‘इनास, पेद्रूचा. हाडे विहिरीत.’ आठव्यात: ‘इनास, दुमिंगचा.’ आणि खाली, पाद्रीबाबा नको म्हणत असताना: ‘खुरीस लावताना चूक झाली ती पास्कोलची. सावेरच्या खाचा बरोबर होत्या.’

बापासाठी एवढंच तिला करता आलं. तो नकाशा पाद्रीबाबांच्या कपाटात गेला. छापलेल्या इतिहासात घंटा होती, गलबत होतं, तारखा होत्या. पोरांची ओळ नव्हती.

कुस्तान त्यानंतर दीड वर्ष जगली. रस्त्यात भेटली तर बोले. पाऊस, मीठ, रोझूचे दात. घरात पाऊल टाकलं नाही. शनिवारी आठव्या कबरीवर दिवा लावी आणि येताना विहिरीच्या फरशीवर थोडा वेळ बसे. तिथं ती काही बोलत नसे. कधी पास्कू भिंतीपलीकडून बघत उभी राही आणि तिला वाटे, जावं, शेजारी बसावं. ती गेली नाही.

छत्तीसच्या उन्हाळ्यात, मिठाची शेवटची रास ओढताना, कुस्तान मिठागरातच खाली बसली ती उठली नाही. पास्कूनं लाकडाचा खुरीस केला, चुना दिला, नाव लिहिलं. बुडाला खाचा पाडल्या आणि पुन्हापुन्हा मोजल्या.

आणि दिवा लावला नाही. हे सगळ्यांत जड गेलं. मेलेल्यांच्या दिवशी अख्खं कबरस्तान उजळे, सावेरच्या कबरीवर तिचा दिवा, आठव्यावर तिचा दिवा, आणि मधली एक जागा काळी. बायका बोलत.

“तोंडानं मावशी मावशी,” लुसीबाय सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “अन् थेंबभर तेल नाय सुटत हिच्या हातून. जिनं हिच्या पोरीला पायावर घेतलं तिच्यासाठी!”

एकदा लुसीबायनंच कुस्तानच्या कबरीवर पणती ठेवली. सगळे पांगेपर्यंत पास्कू थांबली, मग वाकून दोन बोटांनी वात चिमटली. बोटं भाजली. लुसीबाय फाटकात थांबून बघत होती. तिनं तोंड वळवलं, आणि पुढं आळीत पास्कूकडं कुणी विरजण मागायलासुद्धा येईना. आंतोन म्हणाला, “सांगून टाक ना एकदाचं.” पास्कू म्हणाली, “नाय. तिनं नको म्हटलंय.”

एकोणचाळीसच्या फाल्गुनात, तीन वर्षं व्हायला आली तेव्हा, नव्या चाकरानं कबर उघडली. रुजार त्याचं नाव, तरणा गडी. तो खड्ड्यातून एकेक वर देत गेला. पास्कूनं कापडाचा झोळ धरला होता. तिनं तोंड फिरवलं नाही. पायांची लांब हाडं आली, ज्यांवर रोझू निजत असे. हातांची आली. बोटांची बारीक हाडं आली तेव्हा तिनं ती मोजली, रुजारला सांगून माती पुन्हा चाळायला लावली, आणि राहिलेलं एक सापडलं तेव्हाच पुढं पाऊल टाकलं.

फरशीचं झाकण सरकवलं. आतून गार, खारट हवा वर आली. पास्कूनं कापड विहिरीवर धरून एक टोक सोडलं. खाली बराच वेळ खडखड झाली, मग थांबली. तिनं कान देऊन ऐकलं. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

वारा सुटला होता. रिकामं कापड शिडासारखं फुगलं तरी ती ते दोन्ही हातांनी घट्ट धरून उभीच होती.

रुजारनं फावडं खांद्यावर टाकलं, थोडा थांबला, आणि म्हणाला, “पास्कूबाय, झालं. सोडा की आता.”